बंबाची तोटी आणि गीझरचा वॉल्व्ह

आग विझवायला येतो तोही बंब आणि अंघोळीचं पाणी तापवतो तोही बंब. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज ‘बोंबा’वरून आला. त्याचा मूळ अर्थ पाण्याचा पंप.

पाणी तापवायच्या बंबाची रचना साधी. मधोमध उभा नळा, त्याच्या तळाशी जाळी आणि जाळीवर ढलप्या किंवा कोळसा. नळ्याभोवती पाणी, वर सैल झाकण आणि खाली पितळी तोटी. पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर तांब्याची अशी भांडी ठोकून घडवत. विदर्भात पितळी भांड्यांसाठी भंडाऱ्याचं नाव. गडचिरोलीतल्या मुलचेऱ्यासारख्या रानाच्या तालुक्यात जळण जवळ मिळेल, पण कारागीर हाताशी असेलच असं नाही. म्हणून गळती कुठली, हे घरच्या माणसाला कळलेलं बरं.

तोटी आट्यांवर बसवलेली असेल, तर बंब रिकामा करून वॉशर बदलायचा. आट्यांवर पूर्वी ताग आणि सफेदा लावत. सफेद्यात शिसं असे, म्हणून आता टेफ्लॉनची टेप बरी. तोटी डाखाने जोडलेली असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. तांबं वितळायला १०८५ अंश लागतात. कथील-शिशाचा डाख दोनशेच्या आसपासच सुटतो. बंबात पाणी असेपर्यंत सांधा शंभराच्या फार वर जात नाही. रिकाम्या बंबाखाली विस्तव राहिला, की डाख गेलाच. ‘आधी पाणी, मग विस्तव’ या घरोघरच्या शिस्तीमागे हेच कारण होतं.

मग गीझर आला. १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन मॉन यांनी गॅसवर पाणी तापवणारं यंत्र केलं आणि आइसलँडच्या उष्ण झऱ्यावरून त्याला ‘गीझर’ नाव दिलं. आपल्याकडे पुढे रुळला तो विजेवरचा, टाकीचा गीझर. ही टाकी मात्र बंद असते, आणि धोका तिथेच आहे.

पाणी तापलं की फुगतं. २५ लिटरच्या टाकीत ते सुमारे अर्धा लिटर वाढतं. बंबात ही वाढ सैल झाकणाखाली सामावून जाई, वाफही तिथूनच निघे. बंद टाकीत ते काम सेफ्टी वॉल्व्ह करतो. म्हणून पाणी तापताना त्यातून चार थेंब पडले, तर ती गळती नव्हे. बंबाच्या सवयीने तिथे बूच मारलं किंवा एम-सील लावलं, तर टाकी फुटू शकते. पाणी थंड असतानाही वॉल्व्ह सतत ठिबकत असेल, तर तो बदलून घ्यावा.

नळीचा सांधा गळत असेल, तर आधी मेन स्विच बंद करावा, मग पाणी बंद करावं. टाकी निवली की आटे पुसून नवी टेप गुंडाळावी. टाकीच्या अंगातूनच पाणी येत असेल, तर मात्र स्विच बंद ठेवून मिस्त्रीला बोलवावं.