घड्याळामागचा पासपोर्ट

२५ मार्च १९४९ च्या पहाटे आजींच्या दारावर थाप पडली, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. आजी म्हणजे माझ्या सख्ख्या नव्हेत. एस्टोनियाच्या राजधानीत, टॅलिनच्या कालामाया भागात, एका जुन्या लाकडी घरात मी ज्यांच्याकडे भाडेकरू होतो त्या. बोलायला फटकळ. त्या एस्टोनियनमध्ये सांगायच्या, नात ते इंग्रजीत करून मला द्यायची, आणि नातीने कुठे मऊपणा आणला असा संशय आला की आजी टेबलावर बोट आपटायच्या.

शेतकऱ्यांना सामुदायिक शेतीत ढकलायचं होतं, म्हणून सोव्हिएत सत्तेने त्या चार दिवसांत वीस हजारांवर माणसं मालगाड्यांत भरून सायबेरियाला धाडली. त्यांत बहुतेक बाया, पोरं आणि म्हातारे. आजींच्या आईने पीठ आणि शिवणयंत्र तेवढं बरोबर घेतलं. तिचा युद्धापूर्वीचा एस्टोनियन पासपोर्ट आधीच मावशीकडे पोचला होता. मावशीचं नाव यादीत नव्हतं. तिने भिंतीवरच्या घड्याळाची मागची फळी काढली, पासपोर्ट आत सारला, फळी पुन्हा ठोकली. पुढे घड्याळ बंद पडलं, पण दुरुस्तीला कधी दिलं नाही. घड्याळजी उघडून बघेल ना!

ज्या देशाचा तो पासपोर्ट, त्याने १९१८ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं होतं आणि १९४० मध्ये सोव्हिएत संघाने तो गिळला होता. अमेरिकेने हे सामिलीकरण शेवटपर्यंत मान्य केलं नाही. सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि वहिवाट दुसऱ्याची, असा हा पन्नास वर्षांचा मामला.

१९८९ मध्ये नागरिक समित्यांनी ठिकठिकाणी टेबलं मांडून जुन्या प्रजासत्ताकाचे नागरिक आणि त्यांचे वंशज यांची नोंदणी सुरू केली. सायबेरियातून परतलेल्या आजींनी मावशीचं घड्याळ उतरवलं. टेबलामागच्या पोराने तो पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला. असला कागद त्याने जन्मात पाहिला नव्हता. खालच्या मजल्यावरच्या रशियन बाईंनाही आजींनी "चला" म्हटलं होतं, कारण बाहेरून आलेल्यांनाही तिथे नागरिकत्वासाठी अर्ज करता येत होता. त्या साठच्या दशकात रशियातल्या पस्कोवहून कारखान्यात कामाला आलेल्या. हसून म्हणाल्या, "मी इथेच तर राहते. अर्ज कशाला?"

२० ऑगस्ट १९९१ ला देश स्वतंत्र झाला, पण नवा म्हणून नव्हे. १९१८ चाच देश पुढे चालू, अशी भूमिका घेतली गेली. त्यामुळे १९४० पूर्वीचे नागरिक आणि त्यांची मुलं-नातवंडं आपोआप नागरिक ठरली. बाकीच्यांना भाषेची परीक्षा. १९९२ मध्ये जवळजवळ एक-तृतीयांश लोक कुठल्याच देशाचे निश्चित नागरिक नव्हते. त्याच वर्षी २० जूनला रूबल गेला आणि क्रोन आला: माणशी १५०० रूबल द्यायचे, १५० क्रोन घ्यायचे. त्या रांगेत मात्र आजी आणि खालच्या बाई मागेपुढे उभ्या होत्या.

कायद्याच्या दृष्टीने ही भूमिका बिनतोड होती, आणि तिच्यावाचून हा चिमुकला देश पुन्हा मॉस्कोच्या ओढीत सापडला असता, हेही मला पटतं. पण इथेच जन्मलेल्या पोराबाळांनाही तिने परकं ठरवलं, हा अन्यायच. बिननागरिकांच्या नव्याने जन्मलेल्या मुलांना परीक्षेविना नागरिकत्व देणारी दुरुस्ती १९९८ च्या अखेरीस झाली. त्याच वर्षी युरोपीय संघाशी सदस्यत्वाची बोलणी सुरू झाली होती. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडलं नाही.

१४ सप्टेंबर २००३ ला युरोपीय संघासाठी सार्वमत झालं. सुमारे दोन-तृतीयांश मतं बाजूने पडली. आजींचं विरोधात. "एका संघातून आत्ता कुठे सुटलो, लगेच दुसऱ्यात?" त्यांच्या मुलीने बाजूने मत दिलं आणि घरात आठवडाभर अबोला. खालच्या बाईंना या सार्वमतात मतच नव्हतं.

मग एक गंमत झाली. २००७ पासून बाईंसारख्या राखाडी पासपोर्टवाल्या बिननागरिकांना शेंगेन देशांत व्हिसा लागेनासा झाला, २००८ पासून रशियातही. पस्कोवला जायचं तर आजींना व्हिसा हवा, बाईंना नको. आजींना हे शेवटपर्यंत पटलं नाही.

बिननागरिकांना स्थानिक निवडणुकांत मतदान करता येई. मार्च २०२५ मध्ये संसदेने घटना दुरुस्त करून तेही काढून घेतलं. ऑक्टोबर २०२५ ची निवडणूक त्यांच्यासाठी अखेरची ठरली.