वाचणे आणि उरणे

जिवावरच्या प्रसंगातून सुटल्यावर आपण म्हणतो, ‘बालंबाल बचावलो’, ‘जिवावरचं शेपटावर निभावलं’. ‘बालंबाल’मधला बाल म्हणजे हिंदी-उर्दूतला केस. नांदेड-लातूरचा मुलूख १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता, दरबारी भाषा उर्दू होती. त्यामुळे ‘बाल बाल बचे’ आमच्या कानांना परकं नव्हतं. इंग्रजांनीही हे माप केसानंच घेतलं: ‘हेअर्स ब्रेड्थ’. ‘क्लोज शेव्ह’मध्ये वस्तरा कातडीला घासून जातो. ही सगळी मापं अंतराची. आपली ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ ही म्हण मात्र अंतर मोजत नाही.

या शब्दांकडे मी पुन्हा पाहू लागलो तो किल्लारीमुळे. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं निजली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. नांदेडला मी भांड्यांच्या आवाजानं जागा झालो; तिकडे लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरची गावं बसली होती. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद. काही घरांत लाकडी खणांचा सांगाडा तगला आणि भिंती पडूनही माणसं जगली. बाकी ठिकाणी घरानंच घरच्यांना गाडलं. मृतांची संख्या ८ ते १० हजारांच्या घरात सांगितली जाते.

माझी मावशी त्या रात्री अंगणात निजली होती. भेटायला येणारे म्हणत, ‘दैव बलवत्तर, थोडक्यात वाचलात.’ ती ‘वाचले’ कधीच म्हणाली नाही. म्हणायची, ‘मी उरले.’

इंग्रजीत ‘बाय द स्किन ऑफ वन्स टीथ’ असा प्रयोग आहे: दातांच्या कातडीनिशी निसटणं. दातांना कातडी नसतेच, म्हणून तो गमतीचा वाटतो. त्याचं मूळ बायबलमधल्या ईयोबाच्या ग्रंथात आहे. ज्याच्या तोंडी तो येतो त्या ईयोबाची मुलं वादळात घर कोसळून त्याखाली मेली होती. आज कुणाची गाडी चुकता चुकता मिळाली तरी हे शब्द वापरतात. मुळात ते सगळं गमावलेल्या बापाचे आहेत.

ईयोब आणि मावशी यांची भाषा निराळी, पण दोघंही सुटकेचा आनंद सांगत नाहीत. ‘वाचणे’ या शब्दात नशीब आहे. ‘उरणे’ या शब्दात वजाबाकी. आमच्या बोलीतलं हे दुसरं क्रियापद सुटकेच्या वाक्प्रचारांच्या यादीत सहसा दिसत नाही. ते तिथे नोंदवावं, एवढ्यासाठीच हे टिपण.