९ ऑक्टोबर २०१५ : तीन रंगमंचांमागचा स्टीव्ह जॉब्स

‘स्टीव्ह जॉब्स’ हा चित्रपट ९ ऑक्टोबर २०१५ रोजी न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसमध्ये प्रदर्शित झाला. ॲपलच्या या सहसंस्थापकाच्या निधनाला तेव्हा नुकतीच चार वर्षं झाली होती.

जन्म, शिक्षण, संघर्ष, यश ही चरित्रपटांची ठरलेली वाट पटकथाकार ॲरन सॉर्किन यांनी घेतलीच नाही. वॉल्टर आयझॅक्सन यांच्या जाडजूड चरित्रग्रंथाचा आधार घेऊन त्यांनी नव्या उत्पादनांच्या अनावरणाचे तीनच प्रसंग रचले: १९८४चा मॅकिंटॉश, १९८८चा नेक्स्ट संगणक आणि १९९८चा आयमॅक. तिन्ही वेळा पडदा उघडण्यापूर्वीची घालमेल दिसते. सहकारी भांडतात, जुने हिशेब निघतात आणि लेक लिसा बापाकडे पाहत उभी असते. हे सारे वाद नेमके त्याच दिवशी झाले नव्हते. तरीही माणूस उभा करण्यासाठी घेतलेलं हे स्वातंत्र्य पूर्णपणे पटतं.

दिग्दर्शक डॅनी बॉइल यांनी पहिला अंक १६ मिलिमीटर फिल्मवर, दुसरा ३५ मिलिमीटरवर आणि तिसरा डिजिटल कॅमेऱ्यावर टिपला. काळ सरकतो तसं चित्रही स्वच्छ होत जातं. तंत्रज्ञानाच्या प्रवासाची ही केवढी सुरेख खूण!

जॉब्स साकारणारा मायकल फासबेंडर चेहऱ्याने त्याच्यासारखा दिसत नाही, पण ते लवकरच विसरायला होतं. जॉब्सची सहकारी जोआना हॉफमन साकारणाऱ्या केट विन्स्लेटला आणि सॉर्किन यांना गोल्डन ग्लोब मिळाले. फासबेंडर आणि विन्स्लेटला ऑस्कर नामांकनंही. तिकीटबारीवर मात्र चित्रपट पडला.