काडतूस: कागदाची पुडी, भाताचं तूस

पेडणे-डिचोलीकडच्या बागायतीत पोर्तुगिजांनी आणलेल्या दोन गोष्टी शेजारी शेजारी नांदतात. झाडावर काजू, आणि राखणदाराच्या खिशात काडतूस. काजूचं कूळ पुष्कळांना ठाऊक असतं. काडतुसाचं मात्र सांगायला हवं, कारण रानडुक्कर भातात शिरलेलं असताना बंदूक का अडते याचं एक जुनं कारण त्या शब्दाच्या पोटातच आहे.

पोर्तुगीज शब्द ‘कार्तूशु’. त्याचे भाऊबंद फ्रेंच ‘कार्तूश’ आणि इटालियन ‘कार्तोच्चो’. मुळाशी ‘कार्ता’, म्हणजे कागद. ठासणीच्या बंदुकीत दारू ओतायची, बोळा कोंबायचा, गोळी किंवा छर्रे टाकायचे आणि गजानं ठासायचं. हे सगळं मोजून कागदाच्या पुडीत आधीच बांधून ठेवलं, ते काडतूस. 1857 साली शिपायांना दातानं फाडायला लावली ती अशीच कागदी पुडी होती.

हिंदीनं ‘कारतूस’ म्हणताना ‘र’ सांभाळला. आपण ‘काड’ केलं. मला वाटतं, भातशेतीच्या कानाला त्यात काड आणि तूस ऐकू आलं असावं. पुरावा नाही, पण नाव चपखल बसलं खरं: दाणा निघून गेल्यावर उरतं ते तूस.

1836 च्या सुमारास पॅरिसच्या लफोशे या बंदूककारानं तळाला पितळ आणि वर जाड कागदाची नळी असं काडतूस केलं. बंदूक मागून भरता येऊ लागली. पण कागद तो कागदच. आपल्याकडच्या पावसात दमट हवा लागली की नळी फुगते, आणि फुगलेलं काडतूस बंदुकीच्या नळीतल्या घरात बसत नाही. बसलंच तर बार झाल्यावर निघत नाही. दुनळीत हे अंगठ्याला लगेच कळतं. पंप-अॅक्शन बंदुकीत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक, स्प्रिंगच्या दाबाखाली असतात. पुढचा सरकता दस्ता मागे ओढला की एकच मागे सुटायचं, उचलणीनं वर यायचं, दस्ता पुढे नेला की घरात जायचं. फुगलेलं काडतूस वाटेतच अडकतं आणि दस्ता मध्येच थांबतो. तिथं जोर करू नये. नळी मोकळ्या, सुरक्षित दिशेला धरावी, चापावरचं बोट काढावं, बंदूक रिकामी करावी आणि आधी काडतूस तपासावं, मग बंदूक. गंज, वाळलेलं जुनं तेल, मऊ पडलेली स्प्रिंग यांची पाळी त्यानंतर.

लांबीचाही घोटाळा असतो. काडतुसावर छापलेली 65 किंवा 70 मिलिमीटर ही लांबी बार झाल्यावर तोंड उघडल्यानंतरची. म्हणून 70 चं काडतूस 65 च्या जुन्या घरात निमूट बसतं, पण तोंड पूर्ण उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. आजोबांच्या बंदुकीत नवी काडतुसं घालणाऱ्यानं नळीवरचा आकडा वाचल्याशिवाय हात लावू नये.

1960 नंतर प्लास्टिकची नळी आली आणि फुगण्याचा त्रास बहुतेक संपला. नावातला कागद तेवढा राहिला. कागदी नळी दोन-तीन पावसाळ्यांत मातीत मिसळून जायची. प्लास्टिकचं हे तूस काजूच्या पाल्याखाली वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. राखणीहून परतताना ते वेचून आणावं.