दफ्तर हलते, शाळा चालू राहते

शाळा भरली आहे आणि मुख्याध्यापकांचे दफ्तर नव्या इमारतीत न्यायचे आहे. त्यासाठी वर्ग बंद ठेवावे लागतील का? मोठ्या संगणक केंद्रांपुढेही अलीकडे असाच प्रश्न आला. त्याचे उत्तर शोधताना पन्नास-साठ वर्षे मागे जावे लागते.

१९६०च्या दशकात संगणक फार महाग होते. अमेरिकेतील केंब्रिज येथे आयबीएम कंपनीच्या केंद्रात रॉबर्ट क्रीसी व सहकाऱ्यांनी सीपी-४० ही आज्ञावली रचली. जानेवारी १९६७ पासून ती वापरात आली. एका संगणकावर तिने चौदा आभासी संगणक चालवले. प्रत्येक वापरणाऱ्याला वाटे, अख्खे यंत्र आपलेच! १९७२ साली आयबीएमने व्हीएम/३७० जाहीर केली आणि ही कल्पना स्थिरावली.

१९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने हीच युक्ती साध्या सर्व्हरवर आणली. आभासी यंत्रे वाढली तसा त्यांच्यावर देखरेख करणारा कारभारी लागला. २००३ साली तशी आज्ञावली आली; पुढे तिला व्हीसेंटर म्हणू लागले. सुरुवातीला ती विंडोजवर चाले. २०१६ साली ती लिनक्सवर आधारलेल्या नव्या सर्व्हरवर हलवण्याचे साधन कंपनीने दिले. २०२० च्या सातव्या आवृत्तीत तर विंडोजचा पर्यायच उरला नाही. स्थलांतर अटळ झाले.

पण त्या यंत्रांवर बँकेचे व्यवहार किंवा रुग्णालयाच्या नोंदी चालू असतील तर? सुदैवाने कारभारी स्वतः काम करत नाही. आभासी यंत्रे प्रत्येक सर्व्हरवरील मूळ आज्ञावली चालवते. म्हणून स्थलांतराच्या काळात देखरेख थांबते, काम थांबत नाही. एका सर्व्हरवरचे यंत्र दुसऱ्यावर नेण्यासारखी कामे मात्र तेवढा वेळ खोळंबतात.

नव्या सर्व्हरवर मग नेमके काय जाते? यंत्रांची नोंदवही, कोणाला कोणते अधिकार याची यादी, आणि जुन्या सर्व्हरचे नाव, पत्ता व ओळखपत्रे. ही ओळख तीच राहिली की बाकीचे सर्व्हर नव्या कारभाऱ्याला निमूटपणे मानतात. जुना सर्व्हर बंद करतात, पण लगेच पुसत नाहीत. काही बिघडले तर नवा थांबवून जुना पुन्हा सुरू करता येतो.

गंमत अशी, की हा नवा कारभारी बहुधा स्वतःही एक आभासी यंत्रच असतो! क्रीसींच्या गटाने संगणक त्याच्या लोखंडापासून सुटा केला. कारभार कामापासून सुटा ठेवणे ही त्याच वाटेवरची पुढची पायरी. म्हणूनच दफ्तर हलते, तेव्हाही वर्ग भरलेले राहतात.