पक्षाघात : दैवाकडून दक्षतेकडे

'अंगावरून वारे गेले.' बालाघाटच्या पठारावर काय किंवा खाली गंगथडीच्या काळ्या रानात काय, बीड जिल्ह्यात या दुखण्याची वार्ता अशाच शब्दांनी एका घरातून दुसऱ्या घरात जात आली आहे. रात्री धडधाकट निजलेला मनुष्य पहाटे उठू पाहतो, तो एक हात उचलत नाही, तोंड वाकडे होते, जीभ अडखळते. जे एका क्षणात आले ते वाऱ्यासारखेच आले, असे जुन्या लोकांस वाटले असल्यास नवल नाही. चरकाने या विकाराची गणना वातव्याधींतच केली आहे. सुश्रुतानेही पक्षाघाताचे लक्षण सांगितले आहे. ग्रीक वैद्यांनी त्यास दिलेल्या नावाचा अर्थही 'तडाख्याने कोसळणे' असाच होता. नावे निराळी, परंतु भाव एकच : तडाखा दैवाचा, मनुष्याचा त्यात इलाज नाही.

या समजुतीस पहिला धक्का १६५८ साली बसला. योहान वेप्फर या स्विस वैद्याने अशा रोग्यांची शवे चिरून पाहिली व मेंदूत रक्त साकळल्याचे दाखवून दिले. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी कोंदल्यानेही हाच परिणाम होत असावा, असे त्याने सुचविले. म्हणजे एकाच दिसणाऱ्या या रोगाच्या मुळाशी दोन परस्परविरुद्ध कारणे होती : एकीकडे रक्त अडणे, दुसरीकडे रक्त फुटून वाहणे. कारण कळले, तथापि उपाय हाती येण्यास पुढे तीनशे वर्षे लागावयाची होती.

मधल्या काळात रोग्याचा आधार एकच, त्याची जिद्द. जुलै १८८८ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांस पक्षाघात झाला आणि त्यांची उजवी बाजू लुळी पडली. लिहिता हात गेला. परंतु त्यांनी डाव्या हाताने लेखणी धरून 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पुरे केले. ते त्यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झाले. असे मनोबल विरळा. ज्या शास्त्राने सामान्य माणसास तारावयाचे, त्यास केवळ मनोबलावर विसंबून चालत नाही.

शास्त्राचा खरा मार्ग प्रतिबंधाच्या बाजूने उघडला, आणि त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. सर्पगंधेची मुळी आपल्या वैद्यकात फार जुनी. तिच्या अंगी रक्तदाब उतरविण्याचा गुण आहे, हे कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली नमूद केले होते. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी ५० रोग्यांवर तिचा पद्धतशीर प्रयोग केला व १९४९ साली त्याचा वृत्तांत एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. तेव्हापासून पश्चिमेचे लक्ष या मुळीकडे वेधले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले.

परंतु रक्तदाब उतरविल्याने पक्षाघात टळतो काय, हा प्रश्न शिल्लकच होता. वाढलेला दाब हा उतारवयाचा स्वाभाविक धर्म होय व तो उतरविणे धोक्याचे आहे, असे मानणारे वैद्यही पुष्कळ होते. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब कित्येक वर्षे चढत गेला आणि १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने ते गेले. जगातील सर्वांत सामर्थ्यवान गृहस्थासही त्या काळी खात्रीचे औषध नव्हते. अखेर डॉक्टर एडवर्ड फ्राइस यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी चोख परीक्षा घेतली. काही रोग्यांस खरे औषध व काहींस तशीच दिसणारी निर्गुण गोळी देण्यात आली. कोणास काय मिळाले, हे गुप्त ठेवले. १९६७ साली अतिशय वाढलेल्या दाबाच्या १४३ पुरुषांचा निकाल लागला. औषध न मिळालेल्या गटात २७ जणांवर गंभीर आपत्ती ओढवली, औषध मिळालेल्या गटात केवळ दोघांवर. १९७० च्या दुसऱ्या निकालात दाब त्याहून कमी असलेले ३८० पुरुष होते; तेथे पक्षाघात एका बाजूस २० जणांस, तर दुसऱ्या बाजूस ५ जणांस झाला. त्या औषधांत एक रेसर्पिन होते. वैद्यांच्या बटव्यातील मुळीने अशा रीतीने दैवास प्रथमच मागे रेटले.

तडाखा बसल्यानंतरचा उपाय आणखी उशिरा आला. १९७१ साली लंडनमध्ये डोके न चिरता मेंदूची चित्रे घेणारे यंत्र प्रथम रोग्यावर वापरले गेले, व रक्त अडले की फुटले हे जिवंतपणीच कळू लागले. हा भेद जिवावरचा आहे. कारण गुठळी विरघळविणारे औषध रक्तस्रावात दिल्यास ते घातकच ठरावयाचे. १९९५ साली ६२४ रोग्यांवरील परीक्षेत असे दिसले की, हे औषध तीन तासांच्या आत टोचल्यास अधिक लोक पूर्ववत चालतेबोलते होतात; पण काहींच्या मेंदूत त्यामुळेच रक्तस्राव होतो. औषध मिळाले, तेही घड्याळाच्या धाकात.

घरच्यांनी रोग्यास व्यायाम देण्याचीही परीक्षा झाली. भारतातील १४ रुग्णालयांतील १,२५० रोग्यांच्या नातलगांपैकी निम्म्यांस तसे शिक्षण दिले. २०१७ साली निकाल प्रसिद्ध झाला : नेहमीच्या उपचारांपेक्षा त्याने अधिक लाभ झाला नाही. मायेचे मोल यावरून कमी होत नाही; परंतु केवळ मायेवर भार टाकून शिक्षित उपचारकाची उणीव भरून निघत नाही, एवढा बोध घेणे भाग आहे.

आता पुन्हा खेड्याकडे वळू. पक्षाघात हा शहरी सुखवस्तूंचा रोग, ही समजूत गडचिरोलीने खोटी ठरविली. तेथील 'सर्च' संस्थेने २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतील मृत्यूंची कारणे तपासली, तेव्हा सर्वांत जास्त, शेकडा सुमारे १४ मृत्यू पक्षाघाताचे निघाले. आणि त्यांतील बहुतेक माणसे घरीच गेली होती.

बीड जिल्ह्यास हा धडा विशेष लागू पडतो. एके काळी मोमिनाबाद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अंबाजोगाईस १९७४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव त्यास आहे. ही सोय मोठीच. परंतु दसरा झाला की याच जिल्ह्यातील नवराबायकोची जोडी 'एक कोयता' म्हणून मुकादमाची उचल घेते आणि पाचसहा महिने परमुलखातील उसाच्या फडात राहते. रक्तदाबाची गोळी रोजची; दुखत नाही म्हणून ती विसरावयाची नसते. नोंद गावच्या दवाखान्यात, माणूस फडात, आणि गोळ्या मात्र महिनाभराच्या! येथे शास्त्र अपुरे पडत नाही, व्यवस्था अपुरी पडते. गोळी कोयत्याच्या मागोमाग फडापर्यंत गेली पाहिजे.

वेप्फरपासून वकिलांपर्यंतच्या शोधांचे सार एवढेच की, वारे अंगावरून अवचित जाते, पण त्याची चाहूल वर्षानुवर्षे आधी मोजता येते. ती मोजण्यास दंडास बांधावयाची एक पट्टी पुरते. ती बांधणारा हात तळावरच्या खोपीपर्यंत पोहोचतो की नाही, यावरच पुढचा इतिहास ठरावयाचा आहे.