पहिला धडा सगळ्यांचा

पहाटे रेडिओवर भैरव राग लागला की दळण, सडा-सारवण करता करता आपण घटकाभर थांबतो. आज आम्ही या भैरवाच्या दक्षिणेतल्या भावंडाची गोष्ट सांगणार आहोत. त्याचं नाव मायामाळवगौळ. नाव लांबलचक आहे, पण सूर आपल्या ओळखीचे. भैरवासारखेच यातही रे आणि ध कोमल, बाकीचे पाच शुद्ध.

दक्षिणेच्या कर्नाटक संगीतात सात सुरांच्या 72 मूळ मांडण्या आहेत. त्यांना मेळकर्ता किंवा जनक राग म्हणतात. जनक म्हणजे जन्म देणारा. त्यांच्यातून निघालेले राग ते जन्य, म्हणजे लेकरं. मायामाळवगौळचा नंबर 15 वा, आणि तो नावातच लपवलाय. जुन्या पद्धतीत अक्षरांना आकडे असत. म म्हणजे 5, य म्हणजे 1. ‘माया’चे झाले 51, ते उलटे वाचले की 15. मूळ नाव नुसतं माळवगौळ होतं. नंबर जुळावा म्हणून पुढे ‘माया’ लावलं.

दक्षिणेत लहान मूल गाणं शिकायला बसलं की पहिला धडा याच रागात. ही रीत पुरंदरदासांनी घातली असं मानतात. ते सोळाव्या शतकातले कानडी संत. आपल्या पदांच्या शेवटी ते ‘पुरंदर विठ्ठल’ अशी खूण ठेवत, म्हणजे देव आपलाच विठोबा. हाच राग का? कारण सा पासून म पर्यंत जशी चढण, अगदी तशीच प पासून वरच्या सा पर्यंत. अर्धा जिना शिकला की उरलेला अर्धा सोपा.

या संगीताचं मोठं घर म्हणजे तंजावर. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी तिथं मराठ्यांचं राज्य उभं केलं. पुढे त्याच राज्यात, कावेरीकाठी तिरुवैयारूला संत त्यागराज राहिले. त्यांचा काळ 1767 ते 1847. तुळशीच्या पानांनी रामाची पूजा करण्याचं त्यांचं एक गाणं याच रागात आहे.

आता खरी गोष्ट ऐका. त्यागराजांची समाधी पुढे पडझडीला आली. हे कळल्यावर बंगळूर नागरत्नम्मा अस्वस्थ झाल्या. त्या देवदासी घराण्यातल्या, नावाजलेल्या गायिका. जन्म 1878 चा. त्यांनी स्वतःच्या कमाईतून तिथली जागा घेतली आणि समाधीचं देऊळ बांधलं. पण पौष वद्य पंचमीला पुण्यतिथीचा उत्सव भरायचा, तेव्हा तिथं गायला बायकांना मज्जाव! देऊळ बाईच्या पैशांचं, आणि आवाज फक्त पुरुषांचा.

नागरत्नम्मा रडत बसल्या नाहीत. त्यांनी बायकांना गोळा केलं आणि त्याच दिवसांत बायकांचा वेगळा उत्सव सुरू केला. बरीच वर्षं हे असंच चाललं. शेवटी 1940 च्या सुमारास सगळे उत्सव एक झाले आणि बायका पुरुषांच्या बरोबरीनं गाऊ लागल्या. 1952 साली नागरत्नम्मा गेल्या. त्यांची समाधीही तिथंच, त्यागराजांच्या समाधीजवळ आहे.

मैत्रिणींनो, मायामाळवगौळचा पहिला धडा मुलगा असो की मुलगी, सगळ्यांना सारखाच शिकवतात. अडवणूक झाली ती पुढे, चारचौघांत गायची वेळ आली तेव्हा. आपल्या गावातही असं होतं ना? भजनात बायका टाळ धरतात, पण माईक कुणाच्या हातात असतो? देवळाला वर्गणी आपण देतो, मग बैठकीत बोलतं कोण?

पुढच्या वेळी भैरवाचे सूर कानावर पडले की नागरत्नम्मांची आठवण काढा. आणि गटाच्या बैठकीत ज्या बाईनं अजून तोंड उघडलं नाही, तिला म्हणा, ‘बाई गं, आज पहिलं तू बोल.’